मी मोजलेला वर्ग

शांतवन गेल्याचा फोन आला तेव्हा मी परळीत, खिडकीवर बसलेली वीजकेंद्राची राख पुसत होतो. त्याची बायको, मार्थावहिनी, एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, सर गेले…" हातातलं फडकं तसंच राहिलं. डी.एड.ला आम्ही एका खोलीत राहायचो. मी शेख, तो ख्रिस्ती. पण माझा रोजा असला की हाही डबा उघडायचा नाही, हट्टी कुठला! पुढे तो तेलगावच्या बाजूला अँग्लिकन मिशनच्या जुन्या शाळेत लागला आणि मी शिक्षण खात्यात विस्तार अधिकारी झालो.

त्या शाळेत प्रार्थना येशूची, पुस्तकं सरकारची, पगारही सरकारचाच. आणि पोरं बहुतेक ऊसतोड कामगारांची. "आता जागोजागी आपल्या शाळा आहेत, या मिशनवाल्यांना अनुदान कशाला?" असं आमचे साहेब बैठकीत म्हणायचे. मी ते शांतवनच्या कानावर घातलं, तर तो हसला. "तुमची शाळा न्हवती तवा आमीच होतो बे. गाडीला दोन बैलं लागतेतच की."

मग एका दिवाळीनंतर तिथला पट मोजायला मीच गेलो. सहावीची निम्मी बाकं रिकामी. पोरं आईबापांच्या टोळीबरोबर उसाला गेलेली. पट भरला नाही तर वर्ग जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. मी हळूच म्हणालो, "जत्रेला गेलेत म्हण, तसं लिहितो."

"कावून? खोटं बोलू नका म्हणून रोज पोरांला सांगतो मी," तो म्हणाला. "तू मोज."

त्याच्या हट्टाचा मला असा संताप आला की मी मोजलं आणि सही ठोकली. वर्ग बंद झाला, शांतवनला दूरच्या शाळेत धाडलं. उन्हाळ्यात टोळ्या परतल्या. त्यातल्या दोन पोरी पुन्हा कुठल्याच शाळेत गेल्या नाहीत… त्यांची नावं मला अजून पाठ आहेत. आमचं बोलणं तुटलं नाही, पण पूर्वीसारखंही राहिलं नाही.

गेल्या आठवड्यात पालीला त्याच्या घरी गेलो. निवृत्तीनंतर उसावरून परतलेल्या पोरांना तो ओसरीत बुडालेले धडे शिकवायचा. फळ्यावर त्याच्या अक्षरातला अर्धा भागाकार होता. वहिनींनी कुणाला पुसू दिला नव्हता. त्यांनी चहा आणला. शेवटी न राहवून विचारलं, "वहिनी, त्याचा माझ्यावर राग तर नव्हता ना?" अशा वेळी माणसं काय म्हणतात ते मला माहीत होतं. तेच ऐकायला मी गेलो होतो.

वहिनींनी कप खाली ठेवला. "व्हता, भाऊजी. तुमच्यासाठी रोज प्रार्थना करायचे… पर राग व्हता. शेवटपर्यंत."

मला रडू आवरेना. त्या घरात खोटं अजूनही चालत नाही.