तिच्या नावाच्या फाइली

जेवणाच्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरून मुलीने संगणक जोडला. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, कॅबिनेट, सगळं तिनेच पाहून घेतलं होतं. मी स्क्रूंची डबी धरून बसलो होतो आणि ती मागेल तो स्क्रू देत होतो. दुपारपर्यंत पंखे फिरायला लागले आणि पडद्यावर ओळ आली की आत ऑपरेटिंग सिस्टिमच नाही. ती निवडायचं काम मी आधीच मागून घेतलं होतं. त्याला मला सात आठवडे लागले.

खरं तर दुकानातच ते काम उरकलं असतं. दुकानदार म्हणाला होता, "भाईजान, सिस्टम डाल दूँ? कॉपी है, सब यही डलवाते हैं." मुलगी माझ्या आधी बोलली, "नहीं अंकल, हमारे घर में लिनक्स ही चलता है." तो हसला. "फिर तो आप लोग बहुत पढ़े-लिखे हैं."

आमच्या घरात लिनक्स चालत होतं ते माझ्या बायकोमुळे. ती तीन वर्षांपूर्वी, रमजान लागायच्या आठ दिवस आधी गेली. स्वादुपिंडाचा आजार होता. कळल्यापासून अकरा आठवडे मिळाले, आणि त्यातले निम्मे आम्ही तिला बरं वाटेल असं धरून घालवले.

ती इथे दोह्यात, अल हिलालजवळच्या एका शाळेच्या ऑफिसात कामाला होती. संगणकाचं शिक्षण तिने घेतलेलं नव्हतं. पण ही फुकट मिळणारी सिस्टिम जगभरची माणसं मिळून बनवतात, आणि त्यातली मराठी वाक्यंसुद्धा कुणीतरी बसून लिहिलेली असतात, हे तिला कुठून तरी कळलं. मेनूतला प्रत्येक शब्द, प्रत्येक सूचना, चुकलं तर येणारा प्रत्येक इशारा. रत्नागिरीला मराठी शाळेत शिकलेली ती, पहाटे फजरच्या नमाजनंतर स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलावर लॅपटॉप उघडायची आणि शाळेची बस येईपर्यंत ती वाक्यं मराठीत करायची. नऊ वर्षं तिने हे केलं.

कधी अडली तर मला विचारायची. मी लुसैलला एका बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे; नकाशे आणि पत्रं सांभाळतो. माझी मराठी वाचनातली. एकदा तिने विचारलं, संगणक काहीतरी करत असतो आणि माणसाने वाट पाहायची असते, तेव्हा काय लिहू? मी सांगितलं, "प्रक्रिया प्रगतिपथावर आहे, कृपया प्रतीक्षा करावी."

"हे वाचून माझी आई खुर्चीतून उठून उभी राहील," ती म्हणाली. "तिला वाटेल तलाठी आलाय."

"मग तू काय लिहिणार?"

"काम चालू आहे, जरा थांबा. इतकंच."

"जरा हा शब्द मूळ इंग्रजीत नाही."

"मुळात नसेल. पण थांबायला सांगताना आपण म्हणतो की नाही? की तुम्ही ऑफिसात सगळ्यांना प्रतीक्षा करायला लावता?"

तिचा लॅपटॉप तिच्यानंतर आम्ही वापरत होतो, तो या वर्षी बंद पडला. म्हणून हा नवा संगणक. मुलीला तो कॉलेजसाठी हवा होता. मला तो ती वाक्यं पुन्हा दिसावीत म्हणून हवा होता. हे मी मुलीला सांगितलं नाही, पण तिला कळत असावं, कारण सात आठवडे ती शाळेच्या टॅबवर काम भागवत राहिली.

आधी मी सहा वर्षांपूर्वीची आवृत्ती पेन ड्राइव्हवरून चालवून पाहिली. सगळं मराठीत आलं. मी एकेक मेनू उघडत बसलो. किती वाक्यं तिची आणि किती दुसऱ्यांची हे ठरवता येत नव्हतं, पण काही ठिकाणी तिचा आवाज ओळखू येत होता. मुलगी मागे येऊन उभी राहिली. तिने वायफाय लावून पाहिलं, ते लागलं नाही. पडद्यावरची अक्षरंही फुगलेली दिसत होती.

"अब्बा, हार्डवेअर नवीन आहे. इट्स टू ओल्ड. याला हा बोर्ड माहीतच नाही."

"काही करता नाही येणार?"

"नाही ना. नेटच नाही तर मी असाइनमेंट कशी करणार?"

मग त्याच सिस्टिमची दोन वर्षांपूर्वीची आवृत्ती घेतली. वायफाय लागलं, पडदा नीट दिसला, पण अर्धी वाक्यं इंग्रजीत होती. असं का, ते शोधायला मला आठवडा गेला. मूळ इंग्रजी वाक्यात एखादा शब्द जरी बदलला, तरी जुनं मराठी वाक्य बाजूला ठेवलं जातं. कुणीतरी येऊन पाहीपर्यंत ते वापरत नाहीत. आणि पाहणारं आता कुणी नव्हतं. ती आजारी पडली त्या वर्षापासून तिची वाक्यं अशी गळत होती.

सगळ्यात नव्या आवृत्तीत भाषांची यादी उघडली, तर मराठीचं नावच नव्हतं. मी यादी खालून वर आणि वरून खाली वाचली. मुलीनेही वाचली. मग ती म्हणाली, "इट्स ओके, अब्बा," आणि पाणी आणायला आत गेली.

मराठीचं काम सांभाळणाऱ्या गृहस्थांचा ईमेल पत्ता मला तिच्या वहीत सापडला. साताऱ्याकडचे निवृत्त शिक्षक. मी लिहिलं, त्यांचं उत्तर त्याच दिवशी आलं. 'वहिनींच्या जाण्याचं आम्हाला कळलंच नव्हतं. त्या उत्तर देईनात तेव्हा वाटलं, संसारात गुंतल्या असतील. आता आम्ही दोघंच उरलोय आणि माझे डोळे गेले. ठरावीक प्रमाणाच्या खाली काम गेलं की भाषा यादीतून काढतात. तुम्ही हात लावलात तर बरं होईल. वाक्यं आहेत, फक्त तपासून पुन्हा चालू करायचीत.'

त्यांनी मला खातं उघडून दिलं. मी पहिली फाइल उघडली. माथ्यावर, शेवटचं भाषांतर कुणी केलं त्या जागी, तिचं पूर्ण नाव होतं. माझं आडनाव लावलेलं, इंग्रजी अक्षरांत. खाली सेव्ह केल्याची वेळ, सकाळचे पाच चाळीस, आणि तिच्यापुढे अधिक तीन. म्हणजे ग्रिनिचच्या तीन तास पुढे, दोह्याची वेळ.

इथल्या कब्रस्तानात तिच्या कबरीवर नाव नाही. कुणाच्याच नाही. मातीचा उंचवटा, डोक्याशी एक दगड आणि क्रमांक. ते आमच्या धर्माला धरूनच आहे आणि दफनाच्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नव्हतं. वडिलांच्या वेळीही मी हेच योग्य मानलं होतं. पण ती फाइल उघडली तेव्हा मला जाणवलं की तिचं नाव लिहिलेलं कुठेतरी पाहावं अशी इच्छा मला त्या दिवसापासून होती.

त्या फाइलीत एक वाक्य नव्याने आलेलं होतं, मराठी नसलेलं. टचपॅडविषयी काहीतरी. मी ते मराठीत केलं. तिच्या तीन जुन्या वाक्यांवर 'तपासलं' अशी खूण केली. मग सेव्ह केलं, आणि माथ्यावर माझं नाव आलं. तिचं गेलं.

मला हे कळायला हवं होतं. ऑफिसात मी दिवसभर हेच करतो. नकाशाची नवी प्रत आली की जुन्या प्रतीवर रद्दचा शिक्का मारतो, आणि नव्या प्रतीवर शेवटची सही ज्याची, त्याचंच नाव नोंदवतो. हे काम करता करता मी पंचवीस वर्षं या देशात काढली.

मी साताऱ्याच्या गुरुजींना लिहिलं की तिचं नाव परत घालता येईल का. त्यांनी लिहिलं, 'ते सिस्टिम आपोआप करते. शेवटचा हात ज्याचा, त्याचं नाव. जुनी नावं इतिहासात साठवलेली असतात, पण तिथे कुणी पाहत नाही. वहिनींना नावाचं काही नव्हतं हो. त्यांनी एकदाही विचारलं नाही.'

ते खरं असावं. पण मला नावाचं होतं.

पुढचे दहा-बारा दिवस मी त्या फाइलींना हात लावला नाही. हात नाही लावला तर नाव राहील आणि वाक्यं एकेक करून निघून जातील. हात लावला तर वाक्यं राहतील आणि नाव जाईल. मी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि दोन्ही बाजूंनी तीच हरवत होती. विचारायचं तर मी हे तिलाच विचारलं असतं.

एका संध्याकाळी मुलगी जवळ येऊन बसली. "अब्बा, मी दोन वर्षांपूर्वीची टाकू? लँग्वेज इंग्लिश ठेवते. तुम्हाला हवी तेव्हा चेंज करा."

"टाक," मी म्हणालो. वीस मिनिटांत तिचा संगणक तयार झाला. तिने तो तिच्या खोलीत नेला.

आता दर शुक्रवारी जुम्याची नमाज झाली, जेवण झालं, की मी माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर एक फाइल उघडतो. तिची वाक्यं वाचतो. जिथे इंग्रजी बदललंय तिथे शक्य तेवढं तिच्यासारखं लिहायचा प्रयत्न करतो, आणि ते तिच्यासारखं होत नाही. माझ्या वाक्यांत अजून तलाठी येतो. मग सेव्ह करतो. आतापर्यंत अकरा फाइली झाल्या. अकरा ठिकाणचं तिचं नाव मी माझ्या हाताने काढलं.

गुरुजी म्हणतात, याच वेगाने गेलं तर पुढच्या वर्षी मराठी यादीत परत येईल. ती कुणी निवडेल असं मला वाटत नाही. माझ्या घरात तरी कुणी निवडलेली नाही.

तिच्या नावाच्या एकोणीस फाइली उरल्यात. मागच्या शुक्रवारी मी एक उघडली, काही न बदलता बराच वेळ पाहिली आणि बंद केली. या शुक्रवारी तीच पुन्हा उघडावी लागेल.