पुण्याला जातो म्हणून

दुकानात आले की भाई आधी काचेचं दार नीट लागलंय का ते बघत, मग खुर्ची ओढून रस्त्याकडे पाठ करून बसत आणि म्हणत, "हळू उलय गो बाय." मी अजून तोंडही उघडलेलं नसे.

गोव्यात डिचोलीच्या बाजारात माझं तिकीट बुकिंगचं दुकान आहे. इथलं गिऱ्हाईक मोठ्यानं बोलतं. मुलगा दुबईला चालला असला तर शेजारच्या दुकानापर्यंत ऐकू जावं अशा बेतानं बाप तारीख विचारतो. परदेशी जायचं आणि ते कुणाला कळू द्यायचं नाही, असे भाई एकटेच. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, चांगलं काही वाट्याला आलं की चोरी केल्यासारखा वावरणारा.

भाई खाण कंपनीत विक्रीच्या कामाला होते. खनिजाचे नमुने घेऊन ते जपानला जात, कोरियाला जात, कधी युरोपात. तिकीट कंपनी काढी, पण प्रवासाचे पॉइंट भाईंच्या नावावर साठत गेले. त्यांनी ते कधी वापरले नाहीत. निवृत्त झाल्यावर विमान कंपनीनं कळवलं की बरेचसे पॉइंट आता या वर्षाअखेरीस बुडतील. पुण्याच्या मुलीनं हिशेब बघून सांगितलं, बाबा, एवढ्यात तुम्ही आणि आई जगाला फेरी मारून याल. तो निरोप घेऊन भाई माझ्याकडे आले, पण तोंडावर आनंद म्हणाल तर नव्हता.

"लोक म्हणतले, खाणी बंद पडल्यो आनी हो जग भोंवता," ते म्हणाले.

मी म्हटलं, भाई, पॉइंट तुमचे, फक्त कर तेवढे भरायचेत. त्यावर ते म्हणाले की हे तू मला सांगतेस, गावाला कोण सांगणार?

गाव म्हणजे खरं तर एकच माणूस होता. पुंडलिक. भाईंच्या घराला लागून त्याचं घर. तो स्वतःचा ट्रक खाणीवर चालवायचा, खनिज भरून नदीवरच्या धक्क्यापर्यंत न्यायचा. तिथून ते बार्जमधून मुरगावला आणि पुढे बोटीनं परदेशी जायचं. मधे एकदा खाणी बंद होऊन पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा दुसरा ट्रक घ्यावा का असं त्यानं भाईंना विचारलं होतं. भाई त्याच आठवड्यात जपानहून आलेले. गिऱ्हाईक मागे लागलंय, माल कमी पडतोय, असं बघून आलेले. त्यांनी सांगितलं, घे. पुंडलिकानं घेतला. मग खाणी पुन्हा बंद झाल्या. दोन्ही ट्रक भाईंच्या खिडकीसमोर उभे राहिले. टायर बसले, टपावर गवत उगवलं, शेवटी ते भंगारवाल्यानं तोडून नेले. पुंडलिक आता दुसऱ्याच्या मिनीबसवर ड्रायव्हर होता, शाळेची मुलं ने-आण करायचा. भाईंना तो याबद्दल कधी एक शब्द बोलला नाही. रोज सकाळी जाता-येता हात वर करायचा. भाई म्हणत, तो शिव्या घालता तर बरं झालं असतं.

पॉइंटांवर जगप्रदक्षिणा काढणं हे साधं तिकीट काढण्यासारखं नसतं. एकाच दिशेनं पुढे जायचं, मागे वळायचं नाही. दोन्ही महासागर एकेकदाच ओलांडायचे. थांबे ठरलेले तेवढेच घ्यायचे. आणि प्रत्येक टप्प्यावर पॉइंटवाल्यांसाठी ठेवलेल्या मोजक्या जागांतल्या दोन मिळायला हव्यात. एका टप्प्यावर एकच मिळाली की मागचं सगळं पुन्हा मांडायचं. मी रोज दुकान उघडलं की आधी भाईंचा प्रवास जुळवत बसे. भाई मला एखादी जागा मिळाली की खूश व्हायच्या ऐवजी विचारत, "ना मेळ्ळी तर रद्द करूं या?" मला कळून चुकलं की जागा न मिळाल्या तर ते त्यांना हवंच होतं.

त्यांना जपानही नको होतं. थेट अमेरिकेला जाऊ, म्हणाले. तेव्हा वहिनी पहिल्यांदाच दुकानात आल्या. त्या दार लावत नाहीत की हळूही बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "इतलीं वर्सां तुमी खंय वतालात तें म्हाका पळोवचें आसा." नवरा इतकी वर्षं जायचा ती जागा त्यांना बघायचीच होती, मग जपान कायम राहिलं. मोप्याच्या विमानतळावरून दिल्ली, दिल्लीहून टोकियो, तिथून सॅन फ्रान्सिस्को, मग नायगारासाठी टोरोंटो, मग लिस्बन, आणि परत. गणपतीच्या चवथीच्या खूप आधी, उन्हाळ्यातच उरकून घ्यायचं ठरलं.

उन्हाळ्यात एक अडचण होती. भाईंचं घरामागे कुळागर आहे, पोफळी, केळी, थोडी मिरी. त्याला रोज पाणी लागतं. ते कोण घालणार? पुंडलिकच. भाईंनी त्याला सांगितलं की मुलीकडे पुण्याला जातोय, जरा जास्त दिवस राहू. पुंडलिकानं चावी घेतली. त्या दिवशी भाई माझ्या दुकानात येऊन बसले. मग म्हणाले, ज्याला बुडवलं त्यालाच पाणी घालायला सांगून चाललोय.

मी म्हटलं, खरं सांगून टाका ना. ते म्हणाले, धीर होत नाही.

भाईंचे फोन मला जगभरातून आले. सॅन फ्रान्सिस्कोहून त्यांनी विचारलं, बाजारात कोणी आमची चौकशी केली का. टोरोंटोहून विचारलं, तिकडे ऊन फार आहे का, पोफळी कशा आहेत. नायगारा कसा आहे ते मात्र मला वहिनींकडून कळलं. त्यांनीच सांगितलं की विमानात झोपायला सपाट होणारी खुर्ची होती, त्या स्वतः मस्त झोपल्या, आणि भाई रात्रभर ताठ बसून होते. हवाई सुंदरीनं दोनदा येऊन विचारलं, तुमची खुर्ची बिघडली आहे का?

ते परत आल्यावर मी एका रविवारी दुपारनंतर त्यांच्याकडे गेले. राहिलेल्या पॉइंटांचं काय करायचं ते बोलायचं होतं. कुळागर हिरवंगार होतं. मागच्या पडवीत चहा झाला, तेवढ्यात पुंडलिक चावी द्यायला आला. सोबत केळीचा घड. भाईंच्याच बागेतला, त्यानंच उतरवून पिकवलेला. वहिनींनी त्याला चहा दिला. भाई लगेच पुण्याबद्दल सांगू लागले. यंदा तिथे ऊन फार, मुलीच्या इमारतीची लिफ्ट बंद, वर-खाली करून पाय दुखले. पुंडलिक मान डोलवत ऐकत होता. लिफ्ट दुरुस्त झाली का, असंही त्यानं विचारलं.

भाईंनी कप खाली ठेवला.

"पुंडलिक, आमी पुण्याक गेल्लेच ना."

"म्हाका खबर आसा," पुंडलिक म्हणाला.

निघायच्या आधीच वहिनींनी त्याच्या बायकोला सगळं सांगितलं होतं. बाग ज्याच्या हाती देऊन जायचं त्याला खोटं कसं सांगायचं, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे आपण कुणासाठी पाणी घालतोय आणि ती माणसं कुठे आहेत हे माहीत असूनच त्यानं रोज मोटार लावली होती. भाई वहिनींकडे बघत राहिले. वहिनी केळी मोजल्यासारखं करत होत्या.

मग भाईंनी जे इतकी वर्षं काढलं नव्हतं ते काढलं. दुसरा ट्रक घे म्हणून मी सांगितलं, असं म्हणाले.

"सांगलें तुमी," पुंडलिक म्हणाला. "आनी हांवें घेतलो."

तुमची काय चूक, असं तो म्हणाला नाही. तुमच्यामुळे झालं, असंही म्हणाला नाही. मग त्यानंच विचारलं की जपानात तो बोटीचा धक्का बघितलात का, आपला माल जायचा तो.

भाईंनी बघितला होता. वहिनींना घेऊन टॅक्सीनं गेले होते. आत सोडलं नाही, कुंपणाबाहेरूनच दिसला. पोलाद कारखान्याला लागूनच धक्का, बोटीतून माल थेट पट्ट्यावरून आत जातो, धूळ उडू नये म्हणून ढिगांवर पाण्याचे फवारे चालू असतात. ढीग होते का, पुंडलिकानं विचारलं. भाई म्हणाले, होते, डोंगराएवढे, तांबडे.

"आमची माती?"

"न्हय. दुसऱ्या देशाची."

पुंडलिकानं चहा संपवला. "म्हणजे तांचें काम चालूच आसा," तो म्हणाला, आणि चावी खिडकीत ठेवून गेला.

भाईंनी उरलेले पॉइंट पुंडलिकासाठी ठेवायचे ठरवले. तो आणि त्याची बायको, दोघं देशात कुठेही जाऊन येतील एवढे होते. त्याला विचारायला ते स्वतः त्याच्या दारात गेले. तो म्हणाला, "आतां नाका भाई. मागीर पळोवया." भाईंनी नंतर आणखी दोनदा विचारलं, उत्तर तेच, नंतर बघू. तरी ते माझ्याकडे येऊन चौकशी करत, पॉइंट अजून जिवंत आहेत ना? पॉइंट बुडू नयेत म्हणून काय काय खरेदी करावी लागते ते मी सांगे, आणि भाई नको असलेल्या वस्तू मागवत बसत. मला एकदा त्यांनी एक प्रवासी बॅग आणून दिली. मी कुठे जाते, म्हटलं. ते म्हणाले, असू दे.

श्रावणात भाई गेले. जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. तिरडीला पुढून खांदा पुंडलिकाचा होता.

दिवस-कार्य झाल्यावर पुंडलिक माझ्या दुकानात आला. मुलगी वहिनींना पुण्याला नेणार होती. भाईंनी त्याच्यासाठी ठेवलेले पॉइंट वहिनींच्या तिकिटाला चालतील का, असं तो विचारत होता. गाडीनं त्यांची पाठ दुखते, विमानानं गेल्या तर बरं. मी विमान कंपनीला आधीच विचारून ठेवलं होतं. खातेदार गेला की खातं बंद, पॉइंट कुणाच्या नावावर होत नाहीत. ते मला त्याला सांगावं लागलं.

वहिनींचं तिकीट मी रोखीनं काढतो, असं तो म्हणाला म्हणून मी तारखा बघू लागले. मधेच तो बोलला, माझ्याकडे न बघता.

"हांवें एकदां हय म्हणूंक जाय आसलें."

भाईंनी तीनदा विचारलं होतं, त्यानं एकदाही हो म्हटलं नव्हतं. मी तिकीट छापून दिलं. त्यानं ते घडी न घालता, दोन्ही हातांत सरळ धरून नेलं, आणि मुलं सुटायची वेळ झाली होती म्हणून मिनीबस घेऊन शाळेकडे गेला.