धुरामागचा वास

१२ नोव्हेंबर. सकाळपासून धणे निवडत होते. निवडणं डोळ्यांचं काम, म्हणून ते माझ्याकडे आलं होतं. आम्ही घरी सावजी मसाला करून इतवारीतल्या एका दुकानाला देतो. कढई कधी उतरवायची ते नाकानं ठरतं, आणि पावसाळ्यातल्या तापात माझं नाकच गेलं. तेव्हापासून भाजणी धाकट्या जाऊबाईकडे. मागची खेप घेताना दुकानदार म्हणाला, चव पहिल्यासारखी नाही. पुढचीही अशीच आली तर दुसरीकडून घेऊ.

संध्याकाळी दिरानं विमानतळावरून आणलेली स्कॉच उघडली. यजमानांनी हुंगून ग्लास दूर सारला.

"काहून आणली गा ही? दवाखान्यासारखी वास मारून राहिली."

"दादा, पीटचा धूर आहे तो. दलदलीतली वाळलेली माती जाळून त्या धुरावर जव सुकवतात. मग राय नावाच्या धान्याची दारू ज्या पिंपात होती, त्यात ही मुरवतात."

"मग वहिनीले दे. तिले सारं सारखंच."

सगळे हसले. मीही हसले आणि ग्लास ओढून घेतला.

पहिल्या घोटाला नुसता घसा जळला. दिरानं चमचाभर पाणी घातलं. ग्लास पुन्हा नाकाशी नेला, तर कापसाच्या पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्याची काळी साल! मी सावकाश घेत राहिले. धुरामागून मिरीचा झणका आला, आणि त्याच्या मागे भाकरीची करपलेली कड. ती बहुधा त्या रायची.

मनाचे खेळ नकोत म्हणून मी डोळे मिटले. "जा वं, मसाले वाट्यांत काढून आण. काही बोलू नको."

जाऊबाईनं एकेक वाटी नाकाखाली धरली.

"लवंग. दगडफूल. हे शहाजिरं." चौथ्या वाटीला मी थांबले. "यात काही नाही."

"रिकामीच होती, ताई. परीक्षा पाहून राहिली होती मी."

दारूनं नाक बरं केलं, असं मी म्हणणार नाही. ते हळूहळू परतत असणार. धूर दांडगा, म्हणून आधी तो कळला. उरलेला ग्लास मात्र मी संपवला. यजमान बघतच राहिले.

१३ नोव्हेंबर. सकाळी धण्यांचं सूप जाऊबाईपुढे सरकवलं आणि दगडफूल मी भाजायला घेतलं. "अजून थोडं राहू द्या ना, ताई," ती म्हणत होती, तोवर मी कढई उतरवली होती.