यमुनाची न वाचलेली गोष्ट

रविवारची दुपार आहे. वृंदा दीक्षित आपलं एकटीचं ताट विसळून ठेवते, चटईवर आडवी होते. डोळा अजून पुरता लागलेला नाही, तोच कुणीतरी दारातून आत येऊन तिच्या पायाशी बसतं.

यमुना पवार. शाळेत वृंदाच्या शेजारच्या वर्गावरची शिक्षिका. आठ वर्षं दोघी एकाच डब्यातून जेवल्या. तिला जाऊन दोन वर्षं झाली, हे वृंदाला झोपेतही पक्कं ठाऊक आहे. तरी ती विचारते, चहा टाकू का. यमुना नको म्हणते.

यमुना पारध्यांच्या पालावर वाढलेली. आमच्यावर लिहिलेलं पुष्कळ सापडतं, पण ते पोलिसांच्या कागदांत, असं ती म्हणायची. म्हणून तिने लहान मुलांसाठी एक पुस्तक लिहिलं. तितराची हाक ऐकत निघालेल्या पारधी मुलीची गोष्ट, चित्रंही तिचीच. पुस्तक छापून आलं तेव्हा ती अंथरुणाला खिळलेली होती. वर्गात वाचून दाखव, एवढंच तिने वृंदाकडे मागितलं होतं.

चटईची आता बसकरपट्टी झाली आहे. दुसरीची मुलं ओळीने बसलीत, सगळी पाठमोरी. यमुना लोखंडी कपाटावर हात ठेवून उभी आहे.

"वाचलीस?"

वृंदा सांगू लागते. एक पालक आले होते, शाळेत आता पारध्यांच्या गोष्टी सांगणार का म्हणाले. मुख्याध्यापक म्हणाले, परीक्षेनंतर बघू. मग पुढची परीक्षा आली. सांगता सांगता तिच्याच लक्षात येतं, हे सगळं आपलं किती छान पाठ झालं आहे.

यमुना रागावत नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मुलं काय म्हणाली?"

"मुलांपर्यंत गेलंच नाही गं. या कपाटातच आहे पुस्तक."

कपाटाचं दार उघडतं आणि आत माळ आहे, गुडघाभर वाळलेल्या गवताचा. दोघी चालतात. पुढे बिजली बसली आहे. वृंदाच्याच वर्गातली, पालावरून येणारी एकुलती मुलगी, वर्षभर मागच्या कोपऱ्यात गप्प असणारी. इथे ती मांडीवर पुस्तक घेऊन ओळींवरून बोट फिरवते आहे आणि मधेच तितरासारखी हाक घालते आहे. तिचा आवाज असा मोकळा असेल, हे वृंदाला माहीतच नव्हतं.

"ही कुणाची वाट बघतेय?"

"तुझी," यमुना म्हणते. "माझी बघून झाली."

आणि ती गवतातून पुढे निघते. वृंदा थांब म्हणते, मी पण येते म्हणते, पण पदर कुठेतरी अडकतो. यमुना मागे वळून बघत नाही.

डोळे उघडतात तेव्हा चार वाजलेत. खोलीत कुणी नाही. बाहेर कुणाच्या तरी घरी पाहुणे हसताहेत. वृंदा उठून बसते, पदर सारखा करायला जाते आणि बोटाला काहीतरी टोचतं. काठात एक लांब, वाळकं कुसळ रुतलेलं. कालपासून ती घराबाहेर पडलेली नाही, आणि ही साडी तर सकाळीच घडी मोडून नेसली आहे.

बोटावर रक्ताचा बारीक थेंब येतो. ती कुसळ उपटत नाही. उद्या हीच साडी नेसून वर्गात जायचं आणि कपाटातलं पुस्तक काढायचं ठरवते.