कमळताई विसरल्या नव्हत्या

कमळताईंच्या वैशालीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात डबा उघडून बसलो होतो. ‘दादा, आई गेली… सकाळीच.’ मी ‘येतो’ एवढंच म्हणालो. लिहायला लाज वाटते, पण आधी दुःख झालं नाही. मनात आलं ते एवढंच, की आता सांगायचं राहिलंच.

कमळताई पनवेलच्या एका छोट्या आरोग्य संस्थेत नर्स होत्या. मी आपट्याचा. आईवडील वीटभट्टीवर, घरात कॉलेज पाहिलेला पहिला मीच. संस्थेला कम्प्युटर येणारा माणूस हवा होता, तेव्हा ताईंनीच डॉक्टरांना माझं नाव सांगितलं. पहिल्या दिवशी मला आपादमस्तक बघून म्हणाल्या, ‘शर्ट झ्याक हाय रं, पर चपला बापाच्या ना?’ खरंच वडिलांच्या होत्या. पुढे कित्येक महिने माझा दुपारचा डबा ताईंच्या घरून यायचा.

आमची शिबिरं गव्हाण, करंजा, आपटा अशी फिरायची. तेव्हा गावांत इंटरनेट नसायचं. तीन लॅपटॉप होते आणि तिन्हींत पेशंटांची एकच यादी. आठवडाभर जो तो आपल्या लॅपटॉपवर नोंदी भरायचा; शनिवारी मी तिन्हींतले बदल एकत्र करून नवी यादी परत सगळ्यांत टाकायचो. तो प्रोग्राम मी लिहिला होता आणि मला त्याचा फार अभिमान होता. एकाच बाईची माहिती दोन लॅपटॉपांवर बदलली, तर नंतरची अख्खी नोंद ठेवायची आणि आधीची टाकून द्यायची, असं मी ठरवलं होतं. एका बाईची नोंद एका आठवड्यात दोन ठिकाणी होईलच कशाला, असं वाटलं. लेकी बाळंतपणाला माहेरी जातात, हे मी बहिणीच्या वेळी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी सुचलं नाही.

गव्हाणच्या शिबिरात सुनंदा नावाच्या गरोदर बाईला एक इंजेक्शन सोसत नसल्याचं ताईंनी लिहून घेतलं. दोन दिवसांनी सुनंदा करंज्याला माहेरी गेली, तिथल्या शिबिरात फक्त वजन करून आली. शनिवारी माझ्या प्रोग्रामने करंज्याची नोंद ठेवली, गव्हाणची टाकून दिली. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी तेच इंजेक्शन भरलं. सुनंदाची आई ओरडली म्हणून निभावलं.

मीटिंगमध्ये डॉक्टर चिडले होते. ताई म्हणाल्या, ‘मी भरलं व्हतं, सायेब.’ डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, ‘ताई, सेव्ह करायचं राहिलं असेल. कम्प्युटर कशाला विसरेल?’ दोघं-तिघं हसले. ताई माझ्याकडे बघत राहिल्या, मग स्वतःच हसल्या. ‘तो इसरत नाय, तर मंग मीच इसरले आसंन.’

त्यांच्याकडचा लॅपटॉप गेला. त्या वजनकाट्यापाशी बसू लागल्या.

महिनाभराने, तशाच दुसऱ्या बाईची नोंद गायब झाली तेव्हा, मला माझी चूक सापडली. मी प्रोग्राम दुरुस्त केला. दोन नोंदी वेगळ्या असल्या की तो आता दोन्ही दाखवून विचारायचा. डॉक्टर म्हणाले, ‘वा, हुशार आहेस.’ ताई तिथेच काट्यावर कुणाला तरी उभं करत होत्या. एक वाक्य बोलायचं होतं… नोकरी जाईल म्हणून घाबरलो, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मला ‘हुशार’ राहायचं होतं. काही दिवसांनी ताईंना लॅपटॉप परत मिळाला, आणि ‘बघ, मला पुन्हा ठेवलं’ म्हणून त्यांनी मलाच पेढा दिला. तो मी खाल्ला.

दहाव्याला वैशालीने ताईंची शिबिराची वही माझ्यापुढे ठेवली. ‘आईने हे काय लिहिलंय रे सगळीकडे?’ सुनंदाच्या दिवशीच्या पानावर फक्त नाव आणि इंजेक्शन होतं. त्या मीटिंगनंतर लॅपटॉपवर भरलेल्या प्रत्येक नावापुढे, निवृत्तीपर्यंत, दोन शब्द होते : सेव केलं. काही ठिकाणी खाली पुन्हा : परत बघितलं.

मी वैशालीला सगळं सांगितलं. तिने वही मिटून जवळ ओढली. मग म्हणाली, ‘शेवटी शेवटी गॅस बंद केलाय का, हे ती चारदा उठून बघायची. म्हणायची, मी इसरते गं, सायबांसमोर ठरलंय तसं.’

वही तिने मला दिली नाही. मीही मागितली नाही.