कुत्र्यावर छापा

संशय घेणं हा माझा स्वभाव आहे की माझी नोकरी, हे आता मलाही सांगता येणार नाही. बसगाड्यांमधली तिकिटं तपासण्यात माझं आयुष्य गेलं. फाट्यावर झाडाआड जीप लावायची, गाडी आली की हात करायचा, एकानं दारात उभं राहायचं आणि दुसऱ्यानं मागच्या बाकापासून सुरुवात करायची. माझी स्वतःची एक युक्ती होती. गाडी तपासून उतरायचं, सगळ्यांना हुश्श करू द्यायचं, मग जीपनं पुढं जाऊन दोन फाटे सोडून त्याच गाडीत पुन्हा चढायचं. परंड्याच्या रस्त्यावर तर मला लांबून बघितलं तरी लोक खिसे चाचपतात. मला त्याचा अभिमान आहे, खोटं कशाला सांगू.

घरीही मी असाच. बायको दळण घेऊन आली तरी मी विचारणार, एवढा वेळ का लागला, गिरणीत कोण कोण होतं. त्यात वाईट हेतू काही नसतो. विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही, इतकंच.

कुत्रा तिचा. दोन वर्षांपूर्वी बेंबळीला भावाच्या शेतावर गेली होती, येताना पिशवीत घालून हे पिल्लू घेऊन आली. तिनं त्याचं नाव ठेवलंय, मी त्याला कुत्राच म्हणतो. यंदा दिवाळी झाली आणि थोरल्या मुलीच्या बाळंतपणासाठी ती तीन महिन्यांसाठी पुण्याला निघाली. धाराशिवच्या स्टँडवर गाडी सुटायला आली, पिशव्या वर चढल्या, आणि ही खिडकीतून मला म्हणाली, "त्याला शेतावर धाडून देऊ नका. मी येईस्तोवर सांभाळा." मी हो म्हणालो. बायकोला दिलेला शब्द होता, आणि तिनं आजवर माझ्याकडून असं काही मागितलेलं मला आठवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ड्युटीवरून आलो तर गादी फोडलेली. सगळ्या घरात कापूस. त्यानंतर रोज एक. चपला, पायपुसणं, कॅलेंडर, खुर्चीची वेताची बैठक, आणि दाराची चौकट तर खालून एक वीतभर कुरतडून काढलेली. मी दारात पाऊल टाकलं की तो कान पाडून मोरीत जाऊन बसायचा. मला वाटलं, हा डूख धरून आहे. बायको गेली त्याचा राग माझ्यावर काढतोय. दोन रट्टे दिले. दुसऱ्या दिवशी उशी गेली.

वरच्या मजल्यावर घरमालक राहतात, शाळेतून रिटायर झालेले सर. भला माणूस, पण दुपारची झोप त्यांना लागतेच. ते जिन्यात थांबवून म्हणाले, तुमच्या माघारी हा दिवसभर रडतो, आम्हाला ऐकवत नाही. येळवशीपर्यंत काहीतरी बघा, नाहीतर घर बघा. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, त्या दिवशी आमच्याकडं सगळी गावं रानात जेवायला जातात. मीही मेहुण्याच्या शेतावर जाणारच होतो. मेहुण्याला फोन केला तर तो खुशीत म्हणाला, येताना घेऊनच या, विहिरीपाशी साखळी तयार आहे. ती साखळी मी बघितलेली होती. आधीचा कुत्रा तिला बांधूनच म्हातारा झाला.

म्हणजे हातात जेमतेम पाच आठवडे होते. आणि रोज संध्याकाळी बायकोचा फोन. कसा आहे, खातो का, त्रास देतो का? मी म्हणायचो, झकास आहे, पडून असतो दिवसभर. तिचा आवाज हलका व्हायचा, आणि मला माझीच लाज वाटायची.

आता माझ्या मनात पाल चुकचुकायला लागली. ती होती तोवर हा कधी रडला नाही, कधी काही फोडलं नाही. मग आताच का? कुणीतरी त्याला डिवचत असणार. आमच्या दारासमोर एक बाई ब्लाउज शिवतात, उमरग्याकडच्या आहेत, बोलता बोलता कानडीत शिरतात. मशीन ओट्यावरच, तोंड आमच्या दाराकडं. एकदा कुत्र्यानं त्यांच्या गिऱ्हाइकाचं अस्तर पळवलं होतं. मला कारण मिळालं.

मग मी माझी युक्ती घरावर चालवली. सकाळी कुलूप लावायचं, जिन्याखालून मोठ्यानं पाय वाजवत जायचं, आणि मागच्या बोळातून वळसा घालून खिडकीशी यायचं. जीप चौकात यायला अर्धा तास असायचा, तेवढ्यात दोनदा, कधी तीनदा. खिडकीशी आलो की समोर बाई मुकाट शिवताना दिसायच्या, आणि आत डोकावलं की कुत्रा दाराशी उभा. मी कुलूप काढून आत घुसायचो, सगळ्या खोल्या बघायचो, त्याला दम भरायचो, आणि पुन्हा कुलूप. कुलूप दोनदा ओढून बघायची माझी जुनी सवय, तीही आलीच. सुट्टीच्या दिवशी तर मी सहा सहा छापे घातले. सापडलं काही नाही. कुत्रा मात्र रोज जास्त बिघडत होता. एका संध्याकाळी त्याच्या पुढच्या पायाचं नख उपटून आलेलं दिसलं, दारावर रक्ताचे ओरखडे. त्याला मांडीवर घेऊन हळद दाबली तेव्हा तो थरथरत होता. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून समोरच्या बाईंचा जास्तच राग आला.

दुसऱ्या दिवशी निघताना मी खिडकीखाली रांगोळी भुरभुरून ठेवली, अगदी पातळ, कुणाला दिसणार नाही अशी. संध्याकाळी तिच्यावर बाईमाणसाची पावलं होती. एकदा नाही, पुन्हा पुन्हा उमटलेली. मला जो आनंद झाला तो सांगायची सोय नाही. तसाच ओटा चढलो आणि विचारलं, माझ्या खिडकीशी काय काम होतं तुमचं?

बाईंनी मशीन थांबवलं. घाबरल्या वगैरे नाहीत.

"व्हय, मीच आले होते," त्या म्हणाल्या. "ते लई रडतंय अण्णा, माझा पाय चालत न्हाय मशीनवर. जाळीतनं चार शब्द बोलते, मग घटकाभर बसतंय."

मग तो घरातलं सगळं का फोडतो, मी विचारलं. त्यावर त्यांनी मला जे ऐकवलं ते आजवर कुठल्या प्रवाशानं ऐकवलेलं नाही.

"तुमी एकदा जावा की. चारदा जाता अन् चारदा येता. दर वेळी ते शेपूट हलवत उठतंय, अन् तुमी वरडून पुन्यांदा कुलूप लावता. त्यानं काय समजावं? वैनी घरी येत होत्या अण्णा. तुमी छापा घालता."

मग एकदम माझ्यातला तपासनीस जागा झाला. वैनी घरी येत होत्या, म्हणजे आधी बाहेर गेलेल्या असणार. माझी बायको दुपारी कुठं जात नाही. निदान मी तरी तसंच समजत होतो. मी ड्युटीवर असताना ती घरीच असते, भाजी आम्ही रविवारी मिळून आणतो. कुत्र्याला एकटं राहायची सवयच नसणार हेही मी त्यावरूनच धरून चाललो होतो.

बाईंच्या लक्षात आलं असावं. त्यांनी हातातल्या साडीच्या फॉलमध्ये डोकं घातलं. मी रेटून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, रोज दुपारी जायच्या, दोनेक तास. कुठं? "ते म्हाईत न्हाय. म्या कधी इचारलं न्हाय."

घरी येऊन मी काय केलं ते लिहायला नको वाटतं, पण लिहितो. तिचं कपाट उघडलं. पर्सा उलट्या केल्या. साड्यांच्या घड्यांमध्ये हात घातला. कशासाठी, तर तिकीट शोधायला. कुठूनतरी कुठंतरी गेल्याचं एखादं तिकीट. कुत्रा उंबऱ्यात बसून माझ्याकडं बघत होता. काही सापडलं नाही, आणि सापडलं नाही म्हणून संशय गेला असंही झालं नाही. फोन करून विचारावं तर मी रोज खोटं बोलत आलेलो. तिला काय तोंड दाखवणार?

पण येळवस दहा दिवसांवर आली होती आणि साखळी विहिरीपाशी तयार होती. बायकोचा प्रश्न बाजूला ठेवून मी कुत्र्याचा धरला. साठलेल्या रजेतली आठ दिवसांची रजा टाकली आणि मान खाली घालून पुन्हा समोरच्या ओट्यावर गेलो. बाईंनी मनात काही ठेवलं नाही. बायकोनं त्याला कसं शिकवलं ते त्यांनी सगळं बघितलेलं होतं. पहिल्यांदा ती कुलूप लावून नुसती त्यांच्या ओट्यावर येऊन बसायची, एका ब्लाउजला हुकं लावून होईतो. तो रडायला लागायच्या आतच परत. आत गेल्यावर लाड नाही, बोलणं नाही, थेट चुलीकडं. असं कितीतरी दिवस, मग एका साडीचा फॉल लावून होईतो. मग त्याहून जास्त. जाताना कोपऱ्यात तिचं जुनं पातळ टाकायची, न धुतलेलं, आणि त्याच्या घड्यांत शिळ्या भाकरीचे तुकडे लपवायची. तो हुंगत, शोधत बसायचा आणि तिथंच झोपायचा.

ते पातळ मी पहिल्याच आठवड्यात भिजवून, धुऊन, घडी करून कपाटात ठेवलं होतं. कुत्र्याचा वास येतो म्हणून.

मी माझा घामेजलेला खाकी शर्ट टाकला. त्यात भाकरीचे तुकडे. निघताना त्याच्याकडं बघितलं नाही, कुलूप लावलं आणि ओट्यावर जाऊन बसलो. बाई हुकं लावत होत्या. चार हुकं होईपर्यंत माझी उठबस चालली होती. बाई कुत्र्याला बोलतात तसं मला कानडीत काहीतरी म्हणाल्या, बहुतेक बस म्हणाल्या असाव्यात. सहाव्या हुकाला मी उठलो, घरात गेलो, काही न बोलता पाण्याचा तांब्या घेतला. कुत्रा माझ्या पायाशी घुटमळला आणि मग जाऊन शर्टावर बसला. दिवसभर आम्ही हेच केलं. मधेच मी नुसत्या किल्ल्या वाजवायचो आणि कुठंच जायचो नाही, खुर्चीत बसून पेपर वाचायचो. म्हणजे किल्ल्या वाजल्या की छातीत धस्स व्हायला नको, त्याच्या.

त्याला शिकायला आठ दिवस लागले. मला जास्त लागले. कोपऱ्यापर्यंत गेलो की पाय मागं वळायचे. कुलूप नीट लागलं का, आत काय चाललंय, एकदा जाऊन बघावं. दोनदा वळलो, आणि त्या दोन्ही दिवशी दाराशी लाकडाचा नवा चुरा पडलेला होता. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं. मग मी चौकात जाऊन चहा घ्यायचो आणि दुसराही घ्यायचो, तोंड घराकडं न करता.

येळवशीला मी बेंबळीला एकटाच गेलो. मेहुणा साखळी हातात घेऊनच बांधावर आला होता. कुत्रा कुठंय म्हणाला. घरी आहे, मी म्हणालो. एकटा? एकटा. कडब्याच्या खोपटात, कोपीत, पूजा झाली, मंडळी बसली, आंबील आली, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी आली. शिकवायला लागल्यापासून कुत्र्याला एवढा वेळ एकटं ठेवलंच नव्हतं, आणि वरचे सरही रानात गेलेले, म्हणजे तो रडला तरी कुणी सांगणार नाही. दोनदा गाडीकडं जायला उठलो आणि दोनदा आंबील मागून घेऊन खाली बसलो.

उन्हं कलल्यावर घरी आलो. गल्लीत सगळी दारं बंद होती, आणि कुठून आवाज नव्हता. मी कुलूप काढलं. गादी जागेवर, खुर्ची जागेवर. कुत्रा शर्टावर पडलेला होता. त्यानं मान उचलली, आळस दिला, सावकाश चालत आला आणि माझ्या हाताला येणारा भज्जीचा वास घेतला. मी खालीच बसलो. मला फार बरं वाटलं, आणि सरांना काय सांगायचं ते मनात जुळवत होतो तोवर तिचा फोन आला.

कसा आहे, तिनं विचारलं. या वेळी मी खरं सांगितलं. गादीपासून नखापर्यंत सगळं, इतके आठवडे मी खोटं बोललो तेही. मग हुकं, फॉल, शर्टातली भाकर. शेवटी ती म्हणाली, हे तुम्हाला कुणी सांगितलं? समोरच्या बाईंनी, मी म्हणालो. बाईंनी मला आणखी काय सांगितलं असणार, हे तिनं ताडलं असावं.

"मग विचारा की," ती म्हणाली.

प्रश्न माझ्या ओठावर होता, दहा दिवस होता. तरी मी म्हणालो, नाही विचारत.

"तब्येत बरी हाय ना तुमची?"

बरी आहे, मी म्हणालो. खरं तर मला आता तिच्या या प्रश्नाचाच संशय यायला लागला होता. पण ती आपणहून बोलायला लागली.

"कुठंच जात नव्हते हो. मैदानाला वळसा घालून यायचं, झाडाखाली बसायचं. तेवढा वेळ कुणी म्हणत न्हाय कुठं गेलतीस, कोण भेटलं, उशीर का झाला. पण तो रडला असता तर सरांनी तुमच्या कानावर घातलं असतं. म्हणून आधी त्याला गप ऱ्हायला शिकवलं."

कुत्रा माझ्या शेजारी येऊन पडला होता. मी बरं म्हणालो.