डब्यावर न छापलेला गहू

मुलगी सहा वर्षांची झाली तेव्हा तिचं वजन साडेतेरा किलो होतं. ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हिला सीलिअ‍ॅक आहे. गव्हाचा कणही पोटात गेला तर आतडं खराब होतं, आणि हे जन्मभराचं. नव्वदीची ती सुरुवात होती.

त्याच आठवड्यात आमच्या डोंबिवलीच्या घरातून कणीक, रवा, शेवया गेल्या. तरी वजन वाढेना. मग लक्षात आलं, बायको तांदूळ गिरणीत दुसऱ्यांच्या गव्हाच्या मागोमाग दळून आणत होती. सगळेच तसं आणतात. मी तिला शेजाऱ्यांसमोर बोललो आणि घरी जातं आणलं. सहा महिन्यांत दीड किलो वाढलं.

पण मुलगी भाकरीला कंटाळली. डॉक्टर म्हणाले, ''ओट्स काहींना चालतात, पण शुद्ध हवेत.'' मी वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात माल तपासायचो. ओट्सचा डबा आणला, चारी बाजू वाचल्या. घटक: ओट्स. बाकी काही नाही. बायकोने ते जात्यावर दळून पोळीसारखं थापलं.

''आई, माझीपण पोळी!'' मुलगी घरभर नाचली.

दर रविवारी मी वजन लिहीत होतो. पंधरा, पंधरा, साडेचौदा, चौदा. जुलाब पुन्हा सुरू झाले. मला शाळेतल्या डब्यांचा संशय आला, शेजाऱ्यांकडच्या पूजेच्या प्रसादाचा आला. दोन महिने मी तिलाच विचारत राहिलो, ''कुणाचं खाल्लंस? खरं सांग.'' ती नाही म्हणायची आणि रडायची.

शेवटी कंपनीला पत्र टाकलं. उत्तर सभ्य होतं. डब्यात ओट्सशिवाय काही घातलेलं नाही. मात्र त्याच यंत्रांवर गहूही दळला जातो, आणि तसं छापण्याचा नियम नाही.

बायकोने पत्र वाचून माझ्या हातात परत दिलं. ''मला गिरणीवरून एवढं बोललात. यांची गिरणी कोण बघून आलं होतं?''

मी उठून डबा टाकून दिला. त्यानंतर दुकानात कुठलंही पाकीट वाचून मला काही कळेनासं झालं.

पुढचे कित्येक आठवडे वजन चौदावरच राहिलं. आणि मुलीला एक सवय लागली. मी कामावरून घरी आलो की चपला काढायच्या आत ती दारात यायची, ''बाबा, मी आज कुणाचं काही खाल्लं नाही हां.''